सुईतली वलगण

मृगाचा पहिला दणका बसला की आमच्या गावात त्या रात्री कुणी झोपत नसे. बॅटऱ्या, कंदील, कोयते, जुनी मच्छरदाणी, हाताला लागेल ते घेऊन माणसं शेताकडे धावत. खाचरं भरून ओहोळाला मिळालेली असत आणि त्या ओहोळातून, धारेच्या उलट, मासे वर चढत. पोटं अंड्यांनी टम्म. आमच्या ठाणे-रायगडाकडे या चढण्याला वलगण म्हणतात, तळकोकणात चढणीचे मासे. आठ महिने डोहाच्या तळाशी गुपचूप राहिलेल्या या माशांना आज रात्रीच निघायचं हे कसं कळतं, असं मी आजोबांना विचारलं होतं. "पाऊस सांगतो त्यांना," एवढं बोलून ते टोपली घेऊन पुढे गेले.

पाऊस नेमकं काय सांगतो आणि कुणाला, हे मला चाळीस वर्षांनी कळलं. पनवेलच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये, इन्सुलिनच्या सिरिंजकडे बघताना.

महिना फेब्रुवारीचा. पावसाचं नाव नाही. शेडमध्ये काचेच्या टाक्यांच्या रांगा, हवेच्या नळ्यांची अखंड बुडबुड आणि ओल्या पोत्यासारखा वास. एका टाकीत रेनबो शार्क होते: काळपट अंग, पर आणि शेपूट शेंदरी. शार्क फक्त नावाला. उभा पर आणि चपळ पोहणं बघून कुणीतरी दिलेलं हे नाव. कुळानं हा मासा आपल्या रोहूचा चुलतभाऊ. त्याचा सख्खा भाऊबंद, लाल शेपटीचा काळा 'शार्क', जुन्या पुस्तकांत तर रोहूच्याच 'लेबिओ' या प्रजातीत घातलेला सापडतो. दोघंही थायलंडच्या बाजूचे, नदीला पूर आला की विणणारे. काचेच्या पेटीत त्यांना कितीही खाऊ घाला, ते अंडी घालत नाहीत. मादीच्या पोटात अंडी भरतात, तयारही होतात, आणि तिथंच थांबतात. पुढे त्यांचं पाणी होऊन ती अंगात जिरून जातात.

शेडच्या मालकानं छोट्या बादलीत लवंगेच्या तेलाचे काही थेंब घोळवले. दातदुखीवर लावतो तेच तेल. मासा त्यात सोडला की दोन-तीन मिनिटांत कलंडतो, कल्ले मात्र चालू राहतात. मग त्याला ओल्या फडक्यावर घ्यायचं, पाठीवरच्या पराखाली एक खवला किंचित उचलायचा आणि सुई तिरपी घालायची. सुई बाहेर काढताना तिथं अंगठा दाबून धरायचा, नाहीतर औषध बाहेर येतं. हे सगळं मिनिटभराचं काम.

खरी गंमत मोजमापात आहे. रोहूच्या कुळातल्या, म्हणजे कार्प, माशांसाठी या औषधाचं प्रमाण किलोमागे साधारण अर्धा मिलिलिटर. रोहू-कटला दोन किलोचा असतो, तिथं हिशेब सोपा. पण हा मासा दहा ग्रॅमचा. म्हणजे त्याला ०.००५ मिलिलिटर. चाळीस युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवरची एक रेघ ०.०२५ मिलिलिटरची, म्हणजे डोस झाला एका रेघेचा पाचवा हिस्सा. तो डोळ्यांनी मोजणारा माणूस जन्मायचा आहे. म्हणून औषधाच्या एका भागात नऊ भाग सलाइन मिसळायचं आणि मग दोन रेघा टोचायच्या. मालक आधी वायरमन होता. पहिल्या खेपेला हा हिशेब चुकून आपण अख्खी बॅच घालवली, हे त्यानं स्वतःहून सांगितलं.

आता त्या बाटलीत काय असतं ते बघू. बाजारात या औषधाची दोन-तीन नावं चालतात, पण बोलताना सगळे 'ओव्हाप्रिम' म्हणतात, जसं झेरॉक्स म्हणतात तसं. एका मिलिलिटरमध्ये २० मायक्रोग्रॅम एक संप्रेरक आणि १० मिलिग्रॅम डॉम्पेरिडोन. हे दुसरं नाव ओळखीचं वाटलं असेल तर बरोबर आहे. मळमळ, उलटी, ॲसिडिटी यांवर औषधाच्या दुकानात मिळणारी गोळी तीच. बहुतेक वेळा तिच्यावरही १० मिलिग्रॅमच छापलेलं असतं.

माशाच्या मेंदूच्या बुडाशी पियुषिका नावाची ग्रंथी असते, मोहरीच्या दाण्याएवढी. अंडी पिकवून बाहेर सोडण्याचा हुकूम तिच्याकडून निघतो. तिला तो हुकूम काढायला सांगणारा निरोप वरून, मेंदूतून येतो. निरोप नेणाऱ्या संप्रेरकाला शास्त्रज्ञ जीएनआरएच म्हणतात. पाणी चढलं, गार झालं, गढूळलं, धार वाढली, दिवस मोठा झाला, या सगळ्या खबरा डोळ्यांतून, कातडीतून मेंदूत जमा होतात आणि मग निरोप सुटतो. पण कार्प कुळातल्या माशांत निसर्गानं एक ब्रेकही बसवलाय. डोपामिन हे रसायन पियुषिकेला सतत दाबून धरतं. खबर पक्की होईपर्यंत अंडी वाया जाऊ नयेत, अशी ती व्यवस्था. सिरिंजमधलं संप्रेरक निरोपाची नक्कल करतं आणि डॉम्पेरिडोन ब्रेकवरचा पाय काढतं. फेब्रुवारीत, पत्र्याच्या शेडखाली, मासा समजतो की मृग लागला.

ही बाटली तयार व्हायला जवळपास साठ वर्षं लागली, आणि गमतीची गोष्ट अशी की त्या वाटेवर महत्त्वाच्या वळणांवर पुन्हा पुन्हा छोटे, काचेच्या टाकीत शोभणारे मासेच उभे दिसतात.

१९३० मध्ये अर्जेंटिनाच्या बर्नार्डो उसाय यांनी एका माशाच्या पियुषिकेचा अर्क दुसऱ्या माशाला टोचला. तो दुसरा मासा आपल्या गप्पीच्या कुळातला, पिल्लं घालणारा, बोटाच्या पेराएवढा. त्याला वेळेआधीच पिल्लं झाली. उसाय यांना पुढे १९४७ मध्ये नोबेल मिळालं ते साखरेच्या चयापचयात पियुषिकेचा वाटा दाखवल्याबद्दल, पण जगभरातले मत्स्यपालक त्यांना या टाचणीएवढ्या माशासाठी ओळखतात. ब्राझीलमध्ये त्याच दशकात रोडॉल्फो फॉन इहेरिंग यांनी ही युक्ती प्रयोगशाळेतून तळ्यावर आणली.

आपल्याकडे हमीद खान यांनी तीसच्या दशकात पंजाबात मृगळ माशावर प्रयत्न करून पाहिले होते. तेव्हा रोहू-कटलाचं बीज नदीतूनच गोळा करावं लागे. पुराच्या पाण्यात बारीक जाळी लावायची, हाती लागेल ते जिऱ्याएवढं बीज मडक्यांत भरायचं आणि हावड्याहून रेल्वेनं दूरदूर पाठवायचं. मडकी वाटेत हलवत राहायची, नाहीतर प्राणवायू संपून सगळं मरे. त्यात रोहू किती आणि कचरा-मासे किती, हे बीज मोठं झाल्यावरच कळे.

हिरालाल चौधुरी यांनी १९५५ मध्ये कटलाच्या पियुषिकेचा अर्क देऊन 'इसोमस' नावाच्या एका छोट्या माशाकडून अंडी घालून घेतली. दोन लांब मिशांचा, पाण्यावर उडी मारणारा हा मासा परदेशात 'फ्लाइंग बार्ब' म्हणून शोभेसाठी विकला जातो. मग १० जुलै १९५७. ओडिशातलं अंगुल. चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी इंजेक्शन दिलेल्या मोठ्या कार्प माशांनी बंद पाण्यात अंडी घातली. १० जुलै हा आज देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. तुमच्या ताटातला रोहू कुठून आला याचं एका वाक्यातलं उत्तर म्हणजे अंगुल.

त्यानंतर बरीच वर्षं ग्रंथीच चालली. बाजारात कापलेल्या माशांच्या डोक्याची कवटी उघडायची, मेंदू बाजूला सारायचा, खालच्या खोबणीतून तो पांढरट दाणा चिमट्यानं उचलायचा आणि अल्कोहोलच्या कुपीत टाकायचा. टोचायच्या वेळी खलून, पाण्यात मिसळून द्यायचा, तोही दोनदा, सहा तासांच्या अंतरानं. ग्रंथी ज्या माशाची तो किती पिकलेला होता यावर सगळा खेळ. एक बॅच लागे, दुसरी फसे.

बाटली आली ती सोनमाशामुळे. होय, तोच गोल भांड्यातला गोल्डफिश. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात रिचर्ड पीटर सोनमाशाच्या मेंदूवर काम करत होते. डोपामिनचा तो ब्रेक त्यांच्या गटाला सोनमाशातच सापडला. नुसतं संप्रेरक देऊनही कार्प मासे हट्टानं का बसून राहतात, याचं कोडं त्यातून सुटलं. मग चीनच्या ग्वांगझूमधले लिन हाओरान आणि पीटर यांनी मिळून दोन औषधांची जोडी बसवली. दोघांच्या आडनावांवरून तिला 'लिनपे' पद्धत म्हणतात. आणि सोनमाशाला स्वतःला या इंजेक्शनची गरज जवळजवळ नाही! पाणी बदललं, थोडं झुडूप टाकलं की तो आपसूक विणतो.

शोभेच्या माशांत असे आपसूक विणणारे भरपूर. गप्पी, मॉली, प्लॅटी तर पिल्लंच घालतात. फायटर आणि गुरामी फेसाचं घरटं करतात, एंजल आणि डिस्कस पानावर अंडी चिकटवून राखण करत बसतात. हे सगळे स्थिर पाण्यातले संसारी मासे. सुई लागते ती प्रवाशांना, म्हणजे पुराबरोबर नदीतून चढणाऱ्यांना: रेनबो शार्क, लाल शेपटीचा शार्क, चंदेरी बाला शार्क, टिनफॉइल बार्ब, बोर्निओ-सुमात्राचा पट्टेरी क्लाउन लोच. आमच्या वलगणीच्या माशांचे हे परदेशी भाऊबंद. संसारी माशाला घर दिलं की पुरतं. प्रवाशाला रस्ता लागतो, आणि काचेच्या पेटीत रस्ता देता येत नाही.

पण सुई अंडी तयार करत नाही. हे या धंद्यात नवं येणाऱ्याला सगळ्यात उशिरा कळतं. महिनोन्महिने चांगलं खाऊ घातलेली, पोट मऊ पडलेली, खालचं छिद्र लालसर झालेली मादीच या औषधाला दाद देते. कच्च्या मादीला टोचलं तर एक तर काहीच होत नाही, नाहीतर अंडी आत अडकून ती फुगून मरते. दार आतून तयार असेल तरच किल्ली फिरते. अनुदानाच्या आशेनं शेड टाकून पहिल्याच महिन्यात बाटली आणणारे बरेच असतात. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मासे युनिटचा खर्च ३ लाख रुपये धरलाय. सर्वसाधारण गटाला त्यावर ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. त्या ३ लाखांत टाक्या बसतात, पंप बसतो. मादी सहा महिने सांभाळायचा धीर मात्र कुठल्याही योजनेत बसत नाही.

त्या रात्री इंजेक्शन नऊ वाजता झालं. पाणी २७ अंशांवर. पहाटे तीनला मालकानं मादीच्या पोटावरून अंगठा हलकेच शेपटीकडे नेला आणि कोरड्या ताटलीत राखाडी-हिरव्या रंगाची लुगदी उतरली. त्यावर नराचे दोन थेंब. पिसानं ढवळणं. ताटली कोरडीच हवी, कारण पाणी लागताच नराचे शुक्राणू जागे होतात आणि मिनिटभरात संपतात. ढवळून झाल्यावरच पाणी घालायचं. अंडी फुगली, काचेसारखी झाली आणि खालून येणाऱ्या धारेवर गोल फिरू लागली. दुसऱ्या संध्याकाळच्या आत त्यांतून शेपट्या वळवळणार होत्या. एका मादीची काही हजार अंडी. मी चहा घेत बसलो होतो आणि मालक पांढरी पडलेली, मेलेली अंडी ड्रॉपरनं एकेक वेचत होता. बुरशी एकाची दुसऱ्याला लागते.

ताटलीतल्या त्या क्षणाचा एक धोकाही आहे, आणि त्याबद्दल दुकानदार बोलत नाहीत. मासे स्वतः जोडीदार निवडतात तेव्हा जात सांभाळली जाते. ताटलीत कुणाचीही अंडी, कुणाचेही थेंब. आफ्रिकेतल्या सिनोडोंटिस या कॅटफिश माशांचे असे संकर पूर्व युरोपातल्या फार्मांमधून वर्षानुवर्षं बाजारात येताहेत, आणि दुर्मीळ जातीचं नाव लावून विकले जाताहेत. दुसरं म्हणजे दोन-चार माद्यांवर हजारोंची पैदास होते, मग त्याच पिल्लांतून पुढचे आईबाप. चार-पाच पिढ्यांत वाकडे कणे आणि अर्धवट कल्ले दिसू लागतात.

तरीही या सुईनं एक जात वाचवली, हे मान्य करावं लागेल. निदान तिचं शरीर तरी वाचवलं. लाल शेपटीचा काळा शार्क थायलंडच्या चाओ फ्राया खोऱ्यातला. धरणं झाली, दलदली उपसल्या गेल्या आणि मासा दिसेनासा झाला. १९९६ मध्ये धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत तो 'निसर्गातून नामशेष' म्हणून नोंदला गेला. पुढे एका ठिकाणी थोडे सापडले आणि २०११ मध्ये त्याची नोंद 'अत्यंत धोक्यात' अशी बदलली. या सगळ्या काळात जगभरच्या दुकानांत हा मासा एकदाही कमी पडला नाही. थायलंडच्याच फार्मांमध्ये तो सुईवर लाखांनी निपजत होता. जन्माचा प्रश्न सुटला, घराचा तसाच राहिला.

आपल्या सह्याद्रीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. केरळ आणि कर्नाटकच्या पश्चिमवाहिनी नद्यांत एक मासा आहे: अंगावर लाल पट्टा, त्याखाली काळी रेघ, शेपटीवर पिवळा-काळा ठसा. बाजारात त्याला 'मिस केरळ' म्हणतात. १८६५ मध्ये फ्रान्सिस डे यांनी त्याला मद्रासचे गव्हर्नर डेनिसन यांचं नाव दिलं. २०१३ मध्ये त्याची प्रजाती वेगळी काढून तिला 'सह्याद्रिया' हे नाव मिळालं. नाव देणाऱ्या संशोधकांत पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेचे नीलेश डहाणूकर होते. त्याच वर्षी निघालेल्या एका अभ्यासानं दाखवलं की २००५ ते २०१२ या काळात धोक्यातल्या ३० जातींचे किमान १५ लाख गोड्या पाण्यातले मासे भारतातून निर्यात झाले, आणि त्यांत लाल पट्ट्याचे हे मासे ३ लाखांहून जास्त होते. बहुतेक नदीतून जाळ्यानं काढलेले.

केरळ सरकारनं २००८ मध्ये पकडण्यावर निर्बंध आणले, विणीच्या काळात बंदीही घातली. महिने निवडले जून, जुलै आणि ऑक्टोबर. आपल्या सगळ्यांप्रमाणे सरकारलाही वाटलं की मासा म्हणजे मृगालाच विणणार. अभ्यासात दिसलं की या माशाचा विणीचा काळ ऑक्टोबर ते मार्च. म्हणजे ऐन विणीच्या बहुतेक महिन्यांत जाळी मोकळी. मला इथं आजोबा आठवले. "पाऊस सांगतो" हे त्यांचं उत्तर आमच्या ओहोळापुरतं खरं होतं. प्रत्येक नदीचा निरोप वेगळा असतो, हे फाइलवर सही करण्याआधी कुणी नदीत उतरून बघायला हवं होतं.

कोचीजवळ पनंगाडच्या मत्स्य महाविद्यालयात डॉ. टी. व्ही. ॲना मर्सी यांच्या गटानं मिस केरळची बंदिवासात पैदास करून दाखवली. पण ते तंत्र आपल्या परसांत पसरण्याआधीच आग्नेय आशियातल्या फार्मांनी हा मासा उचलला. आज तिथं त्याची घाऊक पैदास होते आणि सोनेरी वाणही निघालाय. इकडे २०२२ च्या दुरुस्तीनं तो आपल्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत आला. नदीतल्या माशासाठी हे योग्यच. पण टाकीत जन्मलेला आणि नदीतून चोरलेला यांत फरक करणारी सोय नसेल, तर प्रामाणिकपणे पैदास करणाराच आधी घाबरतो. माझं मत स्पष्ट आहे: असा मासा पाळायचाच असेल तर तो सुईचाच असावा, आणि तो सुईचा आहे हे सांगणारा कागद सरकारनं द्यावा.

दुकानातली आणखी एक सुई, खरं तर पुडी, वेगळी ओळखायला हवी. मिथाइल-टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक खाण्यात मिसळून दिलं की कोवळी, फिकी पिल्लं आणि माद्यासुद्धा थोड्याच दिवसांत नरासारख्या रंगतात. याचा पैदाशीशी संबंध नाही, फक्त गिऱ्हाइकाच्या डोळ्यांशी आहे. घरी आणल्यावर महिन्या-दोन महिन्यांत रंग उतरतो, आणि मासा अनेकदा वांझ निघतो. टाकीभर इंच-इंचाच्या पिल्लांत सगळीच्या सगळी ऐन रंगात दिसली, तर पाकिटात हात घालू नका.

आणि शेवटी त्या करड्या, चकचकीत, तीन इंची माशाबद्दल. कुर्ल्याच्या बाजारात असो की तुमच्या नाक्यावरच्या दुकानात, पोरांचं बोट पहिल्यांदा त्याच्याकडे जातं, आणि दुकानदार "शार्क" म्हणून तो पिशवीत घालून देतो. तो पंगस, मेकाँग नदीतला. हॉटेलात बासा म्हणून तळून येतो, बहुतेक वेळा तोच. मेकाँगमध्ये त्याची जात धोक्यात आहे, बंद पाण्यात तो इंजेक्शनशिवाय विणत नाही, आणि इंजेक्शनमुळेच तो वडापावच्या भावात मिळतो. पोराला घेऊन देण्याआधी एवढं लक्षात घ्या की पूर्ण वाढलेला पंगस मीटरभराच्या वर जातो, आणि तुमची टाकी दोन फुटांची आहे. आधीच घेऊन झाला असेल आणि आता मावत नसेल, तर दुकानदाराला परत करा. गावच्या तळ्यात किंवा नदीत सोडू नका. तिथं आमचे वलगणीचे मासे राहतात.